ऊब आणि गारवा : नाशिकच्या घरांतील सुखावहतेचा विचार

घर सुखावह असावे ही इच्छा सर्व मानवसमाजांत आढळते. परंतु सुखावह म्हणजे काय, याचे उत्तर देशपरत्वे व हवामानपरत्वे बदलते. उत्तर युरोपातील दीर्घ व अंधाऱ्या हिवाळ्यात बंद दारे, लोकरीची पांघरुणे, मेणबत्त्यांचा मंद प्रकाश आणि निवाऱ्यात एकत्र जमलेली माणसे यांतून जे समाधान लाभते, त्याला डॅनिश भाषेत ‘हूगे’ अशी संज्ञा आहे. २०१६ च्या सुमारास इंग्रजी ग्रंथांच्या द्वारे ही कल्पना जगभर पसरली आणि गृहसजावटीच्या चालू प्रवाहांवर तिचा ठसा उमटला. जाड पडदे, गालिचे, गडद रंगांच्या भिंती, खाली उतरविलेली छते व पिवळसर दिवे ही आज नाशिकसारख्या शहरातील नव्या सदनिकांतही सुखाची लक्षणे मानली जातात.

मराठी भाषेत या सुखाला एक शब्द नाही, दोन आहेत. थंडीत घराची ऊब हवीशी वाटते, उन्हाळ्यात घराचा गारवा. मायेची ऊब आणि वडीलधाऱ्यांची सावली, हे दोन्ही प्रयोग मराठीत सारख्याच आदराने केले जातात. परस्परविरुद्ध अशा दोन संवेदनांना भाषेने सारखा मान द्यावा, यामागे या प्रदेशाच्या हवामानाचा दीर्घ अनुभव असावा असे मानण्यास हरकत नाही. नाशिकचे जुने वाडे हा या अनुभवाचा बांधीव पुरावा होय. त्यांच्या अभ्यासावरून असे दिसते की, या प्रदेशात सुखावह घर म्हणजे सदैव एकाच स्थितीत राखलेली खोली नसून, ऋतू व प्रहर बदलतील तसतशी जागा बदलण्याची सोय ज्यात आहे असे घर होय. आजच्या गृहसजावटीचे मूल्यमापनही याच कसोटीवर करणे उचित ठरेल. प्रस्तुत लेखाचा हाच विषय आहे.

हवामान आणि सुखाचे मापन

नाशिक शहर सह्याद्रीच्या पूर्वेस, गोदावरीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेले आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ३८ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. परंतु पहाटे ते २२-२३ अंशांपर्यंत उतरते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८ अंशांच्या आसपास असणारी हवा पहाटे १० अंशांपर्यंत आणि कित्येकदा त्याहूनही खाली जाते. सारांश, पावसाळा सोडल्यास एकाच दिवसात १५ अंशांहून अधिक अंतर पडणे येथे नेहमीचे आहे. कोकणकिनाऱ्यावर मे महिन्यात दिवस व रात्र यांच्या तापमानांतील अंतर सहा-सात अंशांचेच असते आणि हवा दमट असते. त्यामुळे कोकणी घराची भिस्त उतरत्या छपरावर, पडवीवर व खेळत्या वाऱ्यावर राहिली, तर नाशिकच्या घराची भिस्त जाड भिंतीवर व रात्रीच्या थंड हवेवर राहिली.

शरीराला वाटणारे सुख हवेच्या तापमानावरच अवलंबून नसते. डॅनिश संशोधक पी. ओ. फँगर यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सहा घटकांचा एकत्र विचार केला : हवेचे तापमान, सभोवतालच्या पृष्ठभागांचे प्रारणजन्य तापमान, हवेचा वेग, आर्द्रता, अंगावरील वस्त्रे आणि शरीराचे चलनवलन. यांपैकी दुसरा घटक सर्वसामान्यतः दुर्लक्षित राहतो. खोलीतील संथ हवा ३२ अंश असली, परंतु भिंती व छत ३८ अंशांपर्यंत तापलेले असले, तर बसलेल्या माणसाला या दोहोंच्या सरासरीइतका, म्हणजे सुमारे ३५ अंशांचा ताप जाणवतो. उलट, थंड भिंतींच्या सान्निध्यात तीच हवा सुसह्य होते.

मापनाची परिमाणेही विशिष्ट देशांच्या राहणीतून निपजतात. वस्त्रांच्या उष्णतारोधाचे ‘क्लो’ हे एकक १९४१ साली अमेरिकेत ठरले, ते २१ अंश तापमानाच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसास सुख वाटेल इतक्या वस्त्रांवरून. नाशिकच्या मे महिन्यास हे गृहीतक लागू करता येत नाही. रूडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेतील शर्मा व अली यांनी १९८६ साली उष्ण प्रदेशासाठी स्वतंत्र निर्देशांक मांडला. त्यानुसार भारतीय व्यक्तींना २५ ते ३० अंशांचा पट्टा सुखद वाटतो आणि त्यातही २७.५ अंश हा बिंदू विशेष अनुकूल ठरतो. २०१४ साली पाच भारतीय शहरांतील कचेऱ्यांच्या पाहणीवरून तयार झालेल्या अनुकूलनात्मक प्रतिमानाने याच दिशेने पुढचे पाऊल टाकले व २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्यास स्थान मिळाले. बाहेरची हवा जसजशी तापते, तसतशी माणसाची सुखाची अपेक्षाही वर सरकते, असा या प्रतिमानाचा आशय आहे. खिडकी उघडणे, पंखा लावणे, वस्त्रे सैल करणे, जागा बदलणे हे उपाय हाताशी असले म्हणजे हे अनुकूलन सोपे जाते. या उपायांपैकी अखेरचा उपाय, म्हणजे जागा बदलणे, वाड्याने घराच्या रचनेतच समाविष्ट केला होता.

वाड्याची रचना व दिनक्रम

नाशिक शहरातील सरकारवाडा आणि याच जिल्ह्यातील चांदवड येथील अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल ही अठराव्या शतकातील बांधकामाची वैभवशाली उदाहरणे होत. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने रविवार कारंजा, भद्रकाली व पंचवटी या भागांतील सामान्य गृहस्थांचे वाडे अधिक बोधप्रद आहेत. काळ्या दगडाचे जोते, त्यावर विटांच्या व मातीच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, सागवानी खांब व तुळया, कडीपाटाचे छत आणि त्यावर मातीचे माळवद किंवा कौले, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. रस्त्याच्या बाजूस उघडीप थोडी. घराचे तोंड आतल्या चौकाकडे. देवडी ओलांडली की चौक, चौकाभोवती ओसरी, ओसरीच्या आत माजघर, त्यास लागून देवघर व स्वयंपाकघर, वर माडी आणि मागे परसू, हा क्रम लहान-मोठ्या वाड्यांत थोड्याफार फरकाने दिसून येतो.

या क्रमात उजेडाची व उष्णतेची उतरंड आहे. चौक सर्वांत उघडा, ओसरी अर्धी उघडी, माजघर बंदिस्त. विटेच्या भिंतीतून उष्णता आत पोहोचण्यास दर दहा सेंटिमीटर जाडीमागे सुमारे अडीच तास लागतात. ४५ सेंटिमीटर जाडीच्या भिंतीवर दुपारी दोनला पडलेला ताप आतल्या बाजूस मध्यरात्रीनंतर जाणवतो. आणि तोही बराच क्षीण होऊन, कारण मधल्या अवधीत भिंत त्यातील मोठा अंश बाहेर परत टाकते. त्या वेळी बाहेरची हवा थंड झालेली असते व दारे उघडी असतात. चौकाची फरशी रात्री निरभ्र आकाशाकडे उष्णता सोडून थंडावते. जड झालेली गार हवा चौकात साठते व ओसरीवाटे आत शिरते. रात्रभर थंड झालेल्या भिंती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माजघर राखतात.

ही यंत्रणा आपोआप चालत नसे. घरातील माणसे ती चालवीत असत. मे महिन्यात पहाटे दारे-खिडक्या उघडावयाच्या, ऊन चढले की लावून घ्यावयाच्या, दुपारची विश्रांती माजघरात घ्यावयाची, सायंकाळी चौकात सडा घालावयाचा आणि रात्री माळवदावर अंथरुणे टाकावयाची, हा क्रम ठरलेला असे. डिसेंबरात तो उलटत असे. सकाळचे कोवळे ऊन जेथे येई तेथे पोथी, निवडटिपण व मुलांचा अभ्यास सरके; रात्री निजणे आतल्या खोलीत, चुलीच्या ऊबेपासून फार दूर नाही असे होई. एकाच घरात दोन ऋतूंची दोन घरे सामावलेली होती.

पावसाळा हा मात्र या घराचा दुबळा काळ होय. सारवण वाळत नसे, मातीचे माळवद गळे, लाकडाची टोके भिजत आणि माजघरातील कोंदट हवा हटत नसे. जाड भिंतीचा गुण येथे उपयोगी पडत नाही, कारण या दिवसांत रात्र व दिवस यांतील तापमानाचे अंतर फार थोडे उरते.

हलते सामान

घराच्या या स्थलांतरशील वापरास अनुरूप असेच सामान वाड्यात असे. पाट, चौरंग, सतरंजी, जाजम, गादी, लोड, तक्के, घोंगडी व गोधडी या सर्व वस्तू एका माणसास उचलून नेता येतात. जेवणाची, निजण्याची वा बैठकीची खोली अशी कायमची वाटणी क्वचितच असे. जेथे पाट मांडले ती जेवणाची जागा आणि जेथे गाद्या घातल्या ती निजण्याची. जे स्थिर होते ते भिंतीत समाविष्ट होते : कोनाडे, फडताळे, खुंट्या. त्यामुळे जमीन मोकळी राही आणि थोडी जागाही ऐसपैस वाटे. जुन्या गोधडीची ऊब सुती कापडाच्या अनेक थरांत अडकलेल्या हवेची असते, आणि उन्हाळा आला की ती घडी करून माळ्यावर ठेवता येते.

झोपाळा हा या सामानातील एकमेव जड अपवाद. परंतु तोही हलताच. दोन मीटर लांबीच्या कड्यांवर टांगलेल्या झोपाळ्यास एका पूर्ण हेलकाव्यास सुमारे २.८ सेकंद लागतात. मध्यापासून अर्धा मीटर झोका घेतला तर मध्यबिंदूशी त्याचा वेग सेकंदास एक मीटरहून किंचित अधिक होतो. एवढा वारा अंगावरून गेला तर ताप दोन-तीन अंशांनी कमी झाल्यासारखा वाटतो. ओसरीवर, गार चौकासमोर टांगलेला झोपाळा हा अशा रीतीने पंख्याचे काम करीत असे. बसणाऱ्याच्या पायाने चालणारा पंखा, असे त्यास म्हणता येईल.

सुखाची वाटणी

वाड्याचे हे गुण वर्णिताना त्याचे गौरवीकरण टाळणे अवश्य आहे. सुखाच्या जागा सर्वांच्या वाट्यास सारख्या येत नव्हत्या. ओसरी व दिवाणखाना हे मुख्यतः पुरुषांचे. दुपारी माजघर गार असे हे खरे, पण त्या वेळीही स्वयंपाकघरातील चूल विझलेली नसे. छताला धुराड्यापुरते छिद्र आणि भिंतींवर काजळीचे थर, अशा खोलीत घरातील स्त्रियांचा बहुतेक दिवस जाई. बाळंतिणीची खोली तर ऊबेच्या नावाखाली बहुधा निर्वात व अंधारी ठेवली जाई. आडाचे पाणी ओढणे, सारवणे, सडा घालणे, अंथरुणे वरखाली नेणे ही कामे ज्या हातांनी होत, त्यांच्या श्रमावर घराचा गारवा उभा होता. वाड्याच्या उंबरठ्याने जातीचा भेदही पाळला. ज्या नगरीत काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू करावा लागला, तेथील ओसरी सर्व अभ्यागतांसाठी मोकळी होती असे म्हणता येणार नाही.

म्हणून वाड्यातून काय घ्यावे याचा विचार करताना त्याची उष्णताविषयक युक्ती व त्याची सामाजिक व्यवस्था या दोहोंत विवेक करावा लागतो. सदनिकेतील ओट्यावरचा गॅस, नळाचे पाणी व भरपूर उजेडाचे स्वयंपाकघर ही स्त्रियांच्या दृष्टीने सुखावहतेतील वाढ आहे. गतकालाविषयीच्या हळहळीने ती झाकून जाऊ नये.

पडझडीची कारणे

आज जुन्या नाशकातील अनेक वाडे मोडकळीस आले आहेत आणि पावसाळ्यात त्यांची पडझड होते. याची कारणे केवळ वयात नाहीत. मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७ अन्वये प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले गेले. एका कुटुंबाचा वाडा अनेक बिऱ्हाडांत विभागला गेला होता. भाडे नाममात्र राहिले, दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, आणि मालक व भाडेकरू दोघांनाही तो करावासा वाटेना. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली, तोपर्यंत बरेचसे नुकसान होऊन गेले होते. वारसांची वाढती संख्या व हिस्स्यांचे वाद यांची त्यात भर पडली. १९६९, २००८ व २०१६ या वर्षींच्या गोदावरीच्या पुरांनी नदीकाठच्या वस्तीतील भिंतींचे पाये भिजविले.

याखेरीज एक तांत्रिक कारण आहे, आणि ते अभ्यासकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. माती व चुना यांची भिंत ओल शोषते व परत हवेत सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ही ओल आत कोंडली जाते, तुळईची टोके कुजतात आणि बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होते. तसेच मातीचे माळवद काढून पत्रे घातले की माडी उन्हाळ्यात निरुपयोगी होते. दुरुस्तीच्या सद्‌हेतूने केलेल्या या उपायांनी वाड्याचे सुख व त्याचे आयुष्य दोन्ही घटविले.

सदनिका आणि आजची सजावट

सिडकोने वसविलेले नवीन नाशिक, तसेच गंगापूर रस्ता व इंदिरानगर या भागांत वाढलेल्या वस्तीत लोखंडी सळ्यांच्या काँक्रिटचा सांगाडा व १० ते १५ सेंटिमीटरच्या भिंती हा सर्वसाधारण प्रघात आहे. अशी भिंत दुपारचा ताप चार तासांत आत पोहोचविते. वरच्या मजल्यावरील १२ सेंटिमीटर जाडीचे काँक्रिटचे छत सायंकाळी, नेमकी माणसे घरी परतण्याच्या वेळी, सर्वाधिक तापलेले असते. खोलीची उंची संहितेनुसार किमान २.७५ मीटर. जागा मर्यादित, त्यामुळे प्रत्येक खोलीचा उपयोग ठरलेला. या परिस्थितीत सजावटीचे प्रचलित प्रकार कितपत साधक ठरतात, ते क्रमाने पाहता येईल.

जाड पडदे काचेच्या आत असतात. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. छज्जा, बाहेरून सोडलेली चिक किंवा वाळ्याचा ओला पडदा हे उपाय उन्हास काचेपूर्वीच अडवितात. म्हणून खर्चाने हलके असूनही गुणाने ते श्रेष्ठ होत. खाली उतरविलेल्या छतातील हवेचा थर तापलेल्या काँक्रिटपासून काहीसा आडोसा देतो, परंतु खोलीची मूळची बेताची उंची आणखी घटते आणि छत तापावयाचे थांबत नाही. गच्चीवर बाहेरून दिलेला पांढरा चुना ऊन परावर्तित करून मुळावरच उपाय करतो. गालिचा जानेवारीत पायांना सुख देतो, पण मे महिन्यात थंड फरशीचा लाभ हिरावून घेतो. तो गुंडाळून ठेवता येण्याजोगा असावा, हा सतरंजीचा जुना धडा येथे लागू पडतो. पिवळसर दिव्याने खोलीचे तापमान बदलत नाही. तथापि समईच्या प्रकाशाशी जवळीक असणारा हा उजेड सायंकाळी मनास विसावा देतो, आणि त्यास उन्हाळ्यातही आक्षेप घेण्याचे कारण नाही.

झोपाळा व कोनाडे यांना अलीकडे पुन्हा प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. परंतु बंद दिवाणखान्यात, हेलकाव्यास पुरेशी जागा नसता टांगलेला झोपाळा शोभेची वस्तू होऊन राहतो. मोकळ्या हवेसमोर टांगला तरच तो आपले जुने काम करतो. येथेच चालू प्रवाहातील सर्वांत मोठी उणीव प्रकट होते. सदनिकेत ओसरीचे स्थान घेऊ शकेल अशी एकच जागा असते, ती म्हणजे सज्जा. तीच काचेने बंद करून खोलीत घेतली जाते. त्यामुळे दिवाणखाना काही चौरस मीटरांनी वाढतो, पण घरातील एकमेव अर्धी उघडी जागा नाहीशी होते. भिंतीवरील ऊन अडविणारी सावली जाते, सायंकाळी बसावयाचे ठिकाण जाते, आणि ऋतूनुसार जागा बदलण्याचा पर्यायच उरत नाही. त्यानंतर त्या खोलीला गार राखण्याचे सारे ओझे वातानुकूलन यंत्रावर पडते.

उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, नाशिकच्या हवामानात घराची सुखावहता ऊब व गारवा या दोन टोकांमध्ये ये-जा करण्याच्या सोयीवर अवलंबून आहे. हिवाळी देशांतून आलेली सजावट यांतील एकच टोक पुरविते, आणि वर्षातील दोन-तीन महिनेच तिचा खरा उपयोग होतो. सज्जा मोकळा ठेवणे, ऊन बाहेरच अडविणे, मे महिन्यात रात्री खिडक्या उघडून भिंती थंड होऊ देणे व दिवसा त्या लावून घेणे, आणि शक्य तेवढे सामान हलते ठेवणे, एवढ्या चार गोष्टींनी सामान्य सदनिकाही आपल्या प्रदेशाशी जुळते घेऊ शकेल.

अभ्यासकांपुढे यातून एक निकडीचे काम उभे राहते. उरलेल्या वाड्यांत मे, ऑगस्ट व जानेवारी या तीन महिन्यांत ओसरी, माजघर व माडी येथील हवेचे आणि काळ्या गोलाच्या तापमापकाने मोजलेले तापमान तासातासाला नोंदविणे सहज शक्य आहे. त्याजोडीने, कोणत्या प्रहरी घरातील कोण कोठे बसत असे, हे ज्यांनी ती घरे चालविली त्या वृद्ध स्त्रियांकडून लिहून घेतले पाहिजे. भिंतींची मापे पडझडीनंतरही काही अंशी मिळू शकतील. दिनक्रमाची ही माहिती मात्र माणसांबरोबर जाणारी आहे.